दाढ उपटण्याआधी एकदा विचारा : वाचते का?

वर्षावासातला रविवार होता. विहारात वंदना झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले आणि शेवटी खीर वाटली. मागच्या रांगेतल्या एका उपासिकेने खीर घेतली नाही. गालाला पदर दाबून बसली होती. विचारले तर म्हणाली, "गोड लागलं की कळ मस्तकात जाते." चार घरची धुणीभांडी करणारी ही आपली भगिनी, वय 36. खालच्या दोन आणि वरची एक दाढ तिने याआधीच काढून टाकलेली. "आता हीपण उपटून टाकावी म्हणते. एका दिवसात मोकळं होते," म्हणाली.

'एका दिवसात मोकळं' हा आपल्या वस्त्यांमधला दातांवरचा सर्वांत चालणारा इलाज आहे. आम्ही त्याला हसत नाही. ज्याची मजुरी रोजची, त्याला दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. दाढ भरायची तर एक फेरी, रूट कॅनल करायचे तर दोन-तीन, कॅप बसवायची तर आणखी दोन. काढायला मात्र एकच. हिशेब बरोबर दिसतो, पण तो पहिल्या दिवसापुरताच बरोबर असतो. चार दाढा गेलेली बाई ऐन उमेदीत भाकरी चहात बुडवून खाते. शेंगदाणे, चणे, मुळा, मटणाचा तुकडा तिच्या ताटातून हळूहळू निघून जातो. सगळे चावणे एका बाजूवर येते आणि मग त्या बाजूच्या दाढाही कुरकुरू लागतात. मोकळ्या जागेशेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली उतरू लागतो. तिथे अन्न अडकते, तिथे पुन्हा कीड लागते. एक दाढ उपटून जे वाचवले, ते पुढच्या दहा वर्षांत व्याजासकट द्यावे लागते.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर किडलेल्या दाताची दुरुस्ती कशी होते, कोणत्या टप्प्यावर काय करता येते आणि कमी पैशांत ते कुठे होते, एवढेच सांगायचे आहे.

कीड म्हणजे किडा नाही

आठवडी बाजारात अजूनही एखादा माणूस बसलेला दिसतो. निखाऱ्यावर बिया टाकतो, नळीतून दाढेला धुरी देतो आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक 'किडे' काढून दाखवतो. बघणारे थक्क होतात. ते किडे दाढेतले नसतात. उष्णतेने फुटलेल्या बियांतून निघालेले ते बारीक कोंब असतात, नाहीतर सरळ हातचलाखी असते. दाताला अळी लागत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला शिकवले. वाटीतला हा किडाही तपासूनच घ्यावा.

खरी गोष्ट अशी. आपल्या तोंडात जंतू असतातच. आपण साखर, बिस्किट, चॉकलेट, गोड चहा घेतो तेव्हा दातावरच्या चिकट थरातले हे जंतू त्या साखरेपासून आम्ल बनवतात. हे आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. या कवचाला इनॅमल म्हणतात. शरीरातली सर्वांत कठीण वस्तू ती हीच, हाडापेक्षाही कठीण. तोंडातली लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि झालेली झीज थोडी भरूनही काढते, पण तिला वेळ मिळायला हवा. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचे. जेवणासोबत एकदा खाल्लेला लाडू दाताचे जेवढे बिघडवत नाही, तेवढे दर तासाला घेतलेला गोड चहा आणि खारी बिघडवते. कामाच्या ठिकाणी दिवसात सात-आठ कप चहा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इनॅमलमध्ये नस नसते, त्यामुळे तिथली कीड दुखत नाही. आधी पांढुरका किंवा तपकिरी डाग दिसतो, मग खड्डा. इनॅमलच्या आत मऊ थर असतो, तिथे कीड पोहोचली की थंड पाणी आणि गोड झोंबू लागते. त्याच्याही आत दाताचा गाभा असतो, त्यात बारीक नस आणि रक्तवाहिन्या असतात. तिथे कीड गेली की रात्रीची झोप जाते.

हे तीन टप्पे ओळखता आले की कोणता इलाज लागेल याचा अंदाज घरीच येतो. थंड लागले, झोंबले आणि काही सेकंदांत थांबले, तर बहुतेक वेळा दाढ भरून काम भागते. थंड किंवा गरम लागल्यावर कळ कितीतरी वेळ राहते, आपोआप ठणका सुरू होतो, आडवे झाले की वाढतो, तर नस बिघडलेली असते आणि रूट कॅनल लागते. आणि भयंकर दुखत असलेली दाढ इलाजाशिवाय एक दिवस अचानक गप्प झाली, तर ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते. काही महिन्यांनी त्याच मुळाशी पू होतो, हिरडीवर फोड येतो किंवा गाल सुजतो. आमच्याकडे येणारे निम्मे लोक या गप्प काळातच फसलेले असतात.

दाढ भरणे

कीड लहान असतानाच गेले तर सगळ्यात सोपे. डॉक्टर किडलेला मऊ भाग कोरून काढतात, खड्डा साफ करतात आणि भरतात. खोल नसेल तर बधिर करायचे इंजेक्शनही लागत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे काम, एकच फेरी.

भरायला तीन तऱ्हेचे साहित्य जास्त वापरतात. पूर्वी सर्रास 'चांदी' भरायचे. ती निव्वळ चांदी नसते. चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात मिसळून ती बनते. मजबूत असते, दाढेत वर्षानुवर्षे टिकते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला, त्यामुळे आता ती कमी वापरली जाते. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसलेली आहे त्यांनी घाबरून ती काढायला जाऊ नये. दुसरे म्हणजे दाताच्या रंगाचे सिमेंट. स्वस्त असते, त्यातून फ्लोराइड झिरपते, लहान मुलांच्या दातांना आणि हिरडीजवळच्या खड्ड्यांना बरे पडते. पण जोराने चावायच्या दाढेत लवकर झिजते. तिसरे कंपोझिट. हुबेहूब दातासारखे दिसते, थराथराने भरून निळ्या उजेडाने काही सेकंदांत घट्ट करतात. पुढचे दात भरायला हेच वापरतात. आपल्या दाताला कोणते चालेल आणि त्याचा खर्च किती, हे आधी विचारायला अजिबात लाजू नये. चांदी किंवा सिमेंट भरले असेल तर त्या बाजूने एक दिवस कडक खाऊ नये.

कीड नसेच्या अगदी जवळ गेली असेल तर डॉक्टर आधी औषध घालून तात्पुरते भरतात आणि काही आठवडे थांबायला सांगतात. नस शांत झाली तर पक्के भरतात. या तात्पुरत्या औषधात बऱ्याचदा लवंगेच्या तेलातलेच द्रव्य असते. म्हणजे आजीची लवंग अगदीच खोटी नव्हे. लवंगेने दुखणे तात्पुरते बधिर होते हे खरे, पण कीड थांबत नाही आणि तेलाचा बोळा दिवसभर दाबून ठेवला तर हिरडी भाजते. दाढेत तंबाखू, मिश्री, तपकीर किंवा दुखण्याची गोळी कुटून भरणे तर आणखी वाईट. गोळी पोटात जाऊन काम करते. हिरडीवर ठेवली तर तिथे जखम करते.

रूट कॅनल : नावाला घाबरू नका

रूट म्हणजे मूळ, कॅनल म्हणजे त्यातली नळी. पुढच्या दाताला साधारणपणे एक नळी असते, खालच्या दाढेला बहुधा तीन, वरच्या दाढेला तीन किंवा चार. या नळ्यांमधली सडलेली नस काढून टाकायची, नळ्या आतून धुऊन निर्जंतुक करायच्या आणि बंद करायच्या, एवढेच हे काम आहे. आधी एक्स-रे काढतात, मग बधिर करतात. वरून छोटे भोक पाडून केसासारख्या बारीक सुयांनी नळ्या साफ करतात, औषधाने पुन्हा पुन्हा धुतात. शेवटी गटापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून बनलेला रबरासारखा पदार्थ त्यात ठासून भरतात. पू फार असेल तर मध्ये औषध ठेवून काही दिवसांनी पुन्हा बोलावतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतात.

लोक म्हणतात रूट कॅनल फार दुखते. खरे तर ज्या दुखण्याने माणूस तिथे पोहोचतो, ते दुखणे रूट कॅनलने थांबते. नंतर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळते, साध्या गोळीने भागते. दुसरी भीती डोळ्यांची. वरची दाढ काढली किंवा तिची नस काढली की नजर जाते, असे आमच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी सांगतेच. दाताची नस वेगळी आणि पाहण्याची नस वेगळी. दाढेच्या इलाजाने कोणाची नजर जात नाही. वय झाले की दात आणि डोळे एकाच सुमारास कुरकुरतात, त्यातून ही समजूत निघाली असावी.

विहारातल्या त्या भगिनीला आम्ही बळेच दंत महाविद्यालयात नेले. एक्स-रे पाहून तिथल्या डॉक्टरताई म्हणाल्या, मुळे चांगली आहेत, दाढ वाचेल. पहिल्या फेरीतच ठणका थांबला. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही आठवण द्यायला गेलो तर ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "दुखत नाही ना आता, मग काहाले जाऊ?"

कॅप सोडली की केलेले सगळे पाण्यात

या पानावरचे काही विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. नस काढलेली दाढ आतून पोखरलेली असते. कीड आणि कोरणे मिळून तिचा बराच भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती पातळ असतात. तिला वरून कॅप, म्हणजे टोपी घातली नाही, तर ती चावण्याच्या जोराने उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की कोणीही ती वाचवू शकत नाही, काढावीच लागते.

आमच्याच वस्तीतल्या एका ऑटोचालक भावाचे असे झाले. एका खाजगी दवाखान्यात त्याने रूट कॅनल केले. सुरुवातीला त्याला फक्त रूट कॅनलचा खर्च सांगितला होता. कॅपचे वेगळे पैसे लागतात हे काम संपल्यावर कळले. तेव्हाच मुलीची कॉलेजची फी भरायची होती. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला. पुढचा महिना आलाच नाही. हिवाळ्यात शेतावर हुरडा खाताना दाढेतून कट्कन आवाज आला. दोन तुकडे. रूट कॅनलचे पैसे गेले, दाढही गेली आणि आता त्याचे म्हणणे, रूट कॅनलच खोटे असते. दोष रूट कॅनलचा नव्हता. खर्च आधी पूर्ण सांगितला गेला नाही, आणि आपणही विचारला नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: "भरण्यापासून कॅप बसेपर्यंत सगळे मिळून किती खर्च येईल आणि किती वेळा यावे लागेल?" उत्तर कागदावर लिहून मागा. पैसे टप्प्याटप्प्याने देता येतील का, हेही विचारा.

कॅपही तीन तऱ्हेच्या. पूर्ण धातूची सर्वांत स्वस्त आणि भक्कम; आतल्या दाढेला ती उत्तम, कारण तिथे कोण बघणार? धातूवर दाताच्या रंगाचा थर दिलेली मधल्या किमतीची. आणि झिरकोनियाची महाग. हसताना दिसते म्हणून महागडीच घ्या असा आग्रह झाला, तर दाढ किती आत आहे ते आरशात बघा आणि ठरवा. पुढच्या दातांचे थोडे वेगळे आहे. त्यांच्यावर चावण्याचा भार कमी असतो, त्यामुळे नस काढलेला पुढचा दात फारसा मोडलेला नसेल तर नुसते भरूनही चालते.

कॅप बसवण्यासाठी दाढ चहूबाजूंनी थोडी घासतात, माप घेतात आणि काही दिवसांनी बसवतात. मधल्या काळात चिकट, कडक काही त्या बाजूने खायचे नाही. कॅप बसल्यावर तिच्या खाली पुन्हा कीड लागू शकते, हिरडीच्या कडेने. तिथे ब्रश फिरलाच पाहिजे.

त्या भगिनीला आम्ही ऑटोवाल्या भावाची गोष्ट सांगितली. तो तिच्या गल्लीतलाच. तिसऱ्या फेरीला ती स्वतःहून निघाली.

काढावीच लागली तर

काही वेळा इलाज नसतो. दाढ मुळापर्यंत चिरली असेल, हिरडीखालचे हाड विरघळून दात हलत असेल, वरचे सगळे जाऊन खिळखिळी मुळेच उरली असतील, तर काढणे हाच योग्य इलाज. पण हे एक्स-रे पाहून ठरावे, आपल्या खाड्याच्या हिशेबाने ठरू नये.

काढल्यावर दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, तंबाखू-बिडी तर नाहीच. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, ती म्हणजे जखमेवरचे झाकण. ती निघाली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारा असा ठणका लागतो की दाढदुखी बरी म्हणावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरा.

डॉक्टरांना आधी काही गोष्टी सांगायलाच हव्यात: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. बाई गरोदर असेल तर तेही सांगावे; त्या काळात दातांचा इलाज होऊ शकतो, चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. आणि विदर्भातल्या आपल्या घरांनी सिकलसेलचे सांगावे. सिकलसेल असलेल्याला जंतुसंसर्ग, तहान, थंडी किंवा ताण यामुळे अंगदुखीचा झटका येऊ शकतो. शिवाय या आजारात कधीकधी कीड नसलेल्या दातातही कळ येते. लाल-पिवळे कार्ड असेल तर ते दातांच्या दवाखान्यातही सोबत न्या.

मोकळी जागा भरायला तीन रस्ते आहेत. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त असते. ब्रिजमध्ये शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर मधला दात पुलासारखा टेकवतात. शेजारचे दात धड असतील तर त्यांना घासावे की नाही, याचा विचार करावा. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, ते बरेच महाग. रस्त्याच्या कडेला मांडी घालून 'फिक्स दात' बसवून देणारे मात्र यात येत नाहीत. ते तयार दात लुकण लावून शेजारच्या दातांना चिकटवतात. खाली अन्न साचते, सडते आणि सहा महिन्यांत शेजारचे चांगले दातही हलतात. कायद्याप्रमाणे दातांचा इलाज करणाऱ्याची नोंदणी लागते. भिंतीवर राज्य दंत परिषदेचे प्रमाणपत्र आहे का, ते बघण्याचा आपल्याला हक्क आहे.

थांबायचे नाही अशी सूज

गालावरची सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, ताप भरला असेल किंवा सूज डोळ्यापर्यंत चढली असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असली तरी मोठे सरकारी रुग्णालय गाठायचे. दातातला पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतते. अशा वेळी बाहेरून शेक देऊ नये. मेडिकलमधून दोन कॅप्सूल आणून सूज उतरवत राहणेही धोक्याचे, कारण पूचे मूळ दाताच्या आत असते आणि तिथपर्यंत गोळी नीट पोहोचत नाही. सूज उतरते, मूळ तसेच राहते.

खर्रा, गुटखा खाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते ते प्रत्येक पानठेल्यावर दिसते. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. ज्याच्या तोंडात दोन बोटे मुश्किलीने जातात, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरांची अवजारे पोहोचणार कशी? साधी भरता येणारी दाढसुद्धा मग वाचवता येत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दाढेच्या आधी ती दाखवा.

लेकरांच्या दुधाच्या दाढा

'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत' असे म्हणून आपण सोडून देतो. पुढचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या लवकर गेल्या तर नव्या दातांची जागा आकसते आणि दात वेडेवाकडे येतात. आणखी एक गोष्ट बहुतेक आईबापांना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाची समजतो. ती आयुष्यभराची असते. आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त किडलेली आणि सगळ्यात आधी उपटली गेलेली दाढ हीच. तिच्या खाचा खोल असतील तर कीड लागण्याआधीच त्या पातळ लेपाने बुजवता येतात. लहान मुलाला कोरणे सोसत नसेल तर चांदीयुक्त औषध नुसते लावूनही कीड थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो, तेवढे चालवून घ्यावे.

अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. दातांची कीड त्या तपासणीत धरलेली आहे. मुलाच्या दप्तरात चिठ्ठी आली तर ती नेऊन पुढचा इलाज करून घ्या. बाटलीत साखरेचे दूध देऊन बाळाला झोपवू नका.

भगवंतांच्या संघातही हा प्रश्न आला होता. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची चव लागत नाही, हे त्यातलेच. एवढेच काय, दातवणाची काडी किती लांब असावी याचाही नियम आहे: आठ बोटांपेक्षा मोठी नको, चार बोटांपेक्षा लहान नको, कारण आखूड काडी एका भिक्खूच्या घशात अडकली होती. आज काडीच्या जागी फ्लोराइडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश. रात्री झोपताना नक्की घासा. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात खरवडले जातात.

कुठे जायचे

मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. नागपुरात मेडिकलच्या आवारात आणि छत्रपती संभाजीनगरातही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. इथे भरणे, रूट कॅनल, कॅप, कवळी सगळे होते, खाजगीच्या मानाने फार कमी पैशांत. विद्यार्थी डॉक्टर काम करतात, वरिष्ठ तपासतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण प्रत्येक टप्पा दुसऱ्याच्या नजरेखालून जातो. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतविभागात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथे भरणे आणि काढणे होते. रूट कॅनल होते का ते विचारा, नसेल तर पुढची चिठ्ठी मागा. कामावर ईएसआयसी कापली जात असेल तर त्यांच्या रुग्णालयातही दंतविभाग असतो. जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने एक्स-रे न्या. सकाळी लवकर केसपेपर काढा, उपाशी जाऊ नका.

खुर्चीत बसल्यावर आपल्याकडे बघून कोणी "काढून टाकू या" म्हणाले तर गप्प बसायचे नाही. "डॉक्टर, वाचते का? वाचवायला काय लागेल?" एवढे विचारायचे. कपडे बघून इलाज ठरू नये. कोणी ओरडले तर दोघी-तिघी मिळून गेलेल्या बऱ्या, म्हणून आम्ही आता वहीत नावे लिहून घेतो आणि चार-पाच जण एकत्र जातो. एकीची पाळी आली की दुसरी तिचे लेकरू सांभाळते. घरमालकिणीला आधीच सांगितले की खाडाही अर्ध्या दिवसाचा होतो.

त्या भगिनीची कॅप बसली. धातूची, साधी. गेलेल्या तीन दाढांसाठी कवळीचे माप दिले आहे. पुढच्या बुधवारी ती सासूला घेऊन येणार आहे. वहीत सध्या सात नावे आहेत, अजून दोघांची जागा आहे.